रुळांवरची बाग कुणाच्या बापाची?



आता आभाळही विकायला निघालंय. गायरानं गिळून झाली, रुळांच्या वरची हवा तेवढी राहिली होती. तिचाही भाव ठरणार.

6 ऑगस्ट 2023 ला अमृत भारत योजनेत देशातल्या 508 स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली. योजनेच्या कागदात दोन गोड शब्द आहेत: 'रूफ प्लाझा' आणि 'सिटी सेंटर'. म्हंजे खाली गाड्या, वर फरशी, फरशीवर दुकानं, बाकडी, झालंच तर हिरवळ. गरज पाहून, टप्प्याटप्प्यानं करणार म्हणे. नांदेड, लातूर दोन्ही योजनेच्या यादीत आहेत. टप्पा आपल्या दारात यायच्या आत बोललं पाहिजे.

आपलीच शिकलेली पोरं मला म्हणतात, "दादा, बागेला कशाला विरोध? पोरींना बसायला जागा नको?"

पाहिजे ना! मी बागेचा दुश्मन नाही. पण माझी आज्जी बिलोलीकडची. 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटवली गेली. ती लेकरं काखेत घेऊन नांदेडला आली. गावात जागा गावकुसाबाहेर, शहरात रुळाच्या कडेला. तिथंच पत्रे ठोकले, तिथंच लेकरं शिकवली. तुमची बाग तिच्या पत्र्यावरून जाणार असेल तर ती बाग नव्हे, ते नवं गावकुस हाय.

कायदा बघा. 1971 साली दोन कायदे झाले. एक राज्याचा, झोपडपट्टी सुधारणेचा. दुसरा केंद्राचा, सार्वजनिक जागेतून 'अनधिकृत' माणसं हाकलण्याचा. पालिकेच्या जागेवरची झोपडी पहिल्याच्या पदराखाली, रेल्वेच्या जागेवरची दुसऱ्याच्या दांडक्याखाली. मधे फक्त हद्दीचा एक खांब! डिसेंबर 2021 मध्ये सुरतच्या उत्राण-बेस्थान रुळाकाठच्या वस्तीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पाडलेल्या झोपडीमागे महिना 2000 रुपये द्यायला लावले, तेही 6 महिने. झाले 12000. आणि घर? त्यासाठी सरकारी योजनेत अर्ज करा!

अमेरिकेचे दाखले आम्हाला देऊ नका. न्यूयॉर्कला चालू रेल्वे यार्डावर हडसन यार्ड्स उभं राहिलं, 28 एकरांवर, 2019 ला खुलं झालं. पैसा कुठून आणला? बेकारी असलेल्या भागांत गुंतवणूक करणाऱ्या परदेशी श्रीमंतांना व्हिसा देण्याच्या योजनेतून. त्यासाठी नकाशाची रेघ अशी वाकवली की हार्लेमच्या गरीब वस्त्या आत याव्यात. नाव हार्लेमचं, काचेचे मनोरे धनदांडग्यांचे. आपल्या वस्त्यांची गरिबीही अशीच कुणाच्या तरी अर्जाला जोडली जाईल.

लातूरकरांनो, 2016 विसरलात? मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावावं लागलं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. माझी मावशी घागर घेऊन रात्र रात्र रांगेत उभी होती. ज्या शहराला रेल्वेनं पाणी पाजलं, तिथं रुळांवरच्या हिरवळीला पाणी कुठून घालणार? आणि त्यासाठी आधी कुणाचा नळ कोरडा पडणार? हे सांगा, मग कुदळ मारा.

आमचं म्हणणं साधं आहे. कामाआधी रुळाकाठचं एकेक घर मोजा, वस्तीसमोर मोजा, यादी वस्तीच्या भिंतीवर चिकटवा. घर द्या ते स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरात. हमाली, फेरी, धुणीभांडी तिथंच हाय. आधी किल्ली, मग बुलडोझर. बागेला तिकीट नको, आणि गाडेवाल्याला पळवणारा दरवानही नको.

हे झालं तर बाग बांधायला आम्हीच येऊ. नाहीतरी सेंट्रिंग ठोकणारे हात आपलेच, खडी वाहणाऱ्या बायाही आपल्याच. न झालं तर हेच हात कामावरून खाली उतरतील, आणि तुमची फरशी हवेतच लटकत राहील.

वस्तीवस्तीत बैठका घ्या. कागद मागा. नोटीस यायची वाट बघू नका.

जय भीम!