गाणं कुणाचं, रोजी कुणाची?

पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात लग्नसराई आली की हल्ली बँडबाजाच्या जोडीला कराओकेवालाही येतो. एक लॅपटॉप, दोन माइक, दोन स्पीकर आणि पडद्यावर सरकणारे शब्द. गायकाचा आवाज काढून टाकलेल्या वाद्यांवर कुणीही गावे. नवरदेवाचे मामा गातात, कॉलेजची पोरे गातात.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला हाच व्यवसाय सुरू करायचा आहे. साउंडसाठी अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवायची तयारी झाली आहे. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मित्राकडून पेनड्राइव्हमध्ये तीन हजार गाणी मिळताहेत. फुकट. घेऊ ना?”

संगीत जायज की नाजायज, हा सवाल उलेमांचा आहे. घराघरात त्यावर मतभेद आहेत आणि आम्ही तो इथे सोडवायला बसलेलो नाही. पण पेनड्राइव्हचा सवाल वेगळा आहे. तो हक्कुल इबादचा, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या हक्काचा आहे, आणि तो आम्हा सगळ्यांना कळतो.

नारायणगाव इथून जवळच. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, सुपारी ठरवतात, इसार देतात. फडाला फुकट नाचवावे असे कुणाच्या मनातही येत नाही, कारण माणूस समोर बसलेला असतो. लॅपटॉपमधल्या गाण्यामागचा माणूस दिसत नाही, म्हणून ते फुकटचे वाटते. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकरांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. टाळ्या भरपूर आणि हातात काही नाही, ही कलावंतांची जुनी कहाणी आहे. म्हणूनच २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कुणी कागदावर सही घेऊन कायमचा काढून घेऊ शकत नाही, असे त्यात ठरले. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. एका गाण्यात हक्क तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. शब्द आणि चालीचा हक्क त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ‘मुगल-ए-आझम’ १९६० चा. त्या मूळ ध्वनिमुद्रणाची मुदत २०२० अखेर संपली. पण गीतकार शकील बदायुनी १९७० मध्ये आणि संगीतकार नौशाद २००६ मध्ये वारले. म्हणजे शब्दांचा हक्क २०३० अखेरपर्यंत आणि चालीचा २०६६ अखेरपर्यंत आहे. “जुने गाणे आहे, कोण विचारतो?” हे म्हणणे म्हणून टिकत नाही.

लग्नाचे काय? कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात गाणे वाजवायला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे त्यातच मोजले आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग खात्याने तशी जाहीर सूचनाही काढली. गोवा सरकारने पुढे त्याच धर्तीवर परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. कलम मात्र कायम आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये विद्यार्थी-शिक्षक गातात आणि ऐकणारे तेच व पालक असतात, तेव्हाही सूट आहे. पण हायवेवरचे हॉटेल, तिकिटाचा कार्यक्रम, कंपनीची पार्टी यांना ही सूट नाही. तिथे शब्द-चालीसाठी आयपीआरएस ही संस्था परवाना देते. मूळ ध्वनिमुद्रण वाजवायचे असेल, तर त्याच्या मालक कंपनीचा किंवा तिच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. परवाना हॉटेलवाला काढणार की कराओकेवाला, हे सुपारी घेतानाच कागदावर लिहून घ्यावे.

आणि एक बारकी गोष्ट. लग्नातली सूट गाणे वाजवण्याला आहे, चोरीची प्रत बनवण्याला नाही. म्हणून तो पेनड्राइव्ह लग्नातही चोरीचाच राहतो. यूट्यूबची गाणी खासगी ऐकण्यासाठी असतात, उतरवून धंद्यात वापरण्यासाठी नाहीत. ट्रॅक विकत घेतानाही “व्यावसायिक वापरास परवानगी” असे लिहिले आहे का ते वाचावे, आणि पावती जपून ठेवावी.

कॉम्प्युटरचेही तसेच. जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर वापरले तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, असे कलम ६३ ब सांगते. आणि गरजही नाही. उबंटू, गाणी वाजवायला व्हीएलसी, सूर खाली-वर करायला ऑडॅसिटी, हे सगळे रीतसर मोफत मिळते.

बाकीची कागदपत्रे अवघड नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. कामाला थोडीच माणसे असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. लाउडस्पीकरला मात्र लेखी परवानगी हवी, आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. वस्तीत कुणाचा म्हातारा बाप आजारी असतो, कुणाची दहावीची परीक्षा असते. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला कायद्याने शिकवावा लागू नये.

विद्यार्थ्याने हिशेब मांडला. तीन हजार गाण्यांऐवजी रीतसर घेतलेल्या दीडशे गाण्यांवर सुरुवात करायची. साउंड विकत न घेता हंगामापुरता भाड्याने घ्यायचा. हॉटेलची सुपारी पहिल्या वर्षी नको, फक्त लग्ने आणि शाळा. कमाई कमी होईल, हे त्याला दिसते आहे. पण बांगड्या अम्मीच्या हातातच राहतील. “लोक म्हणतील, याच्याकडे गाणीच नाहीत,” तो म्हणाला. म्हणोत. लग्नात माणसे फिरून फिरून तीच वीस गाणी गातात, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले आहे.

घरातली मुले असा काही धंदा काढायचे म्हणत असतील, तर आई-वडिलांनी “किती मिळतील?” याच्या आधी “हे कुठून आणलंस?” एवढे विचारावे. रोजी हलाल की नाही, ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात कळते.