माहेरची साडी आणि सातबारा

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा बाया गाड्या भरभरून थेटरला गेल्या, असे आपल्याकडची मागची पिढी अजून सांगते. हा चित्रपट मूळ राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला. तरी आपल्या बायांना तो आपलाच वाटला, कारण सासूचा जाच आणि बापाची नाराजी सगळीकडे सारखीच. अलका कुबल यांची लक्ष्मी रडली तसे सारे थेटर रडले. त्यात खोटे काही नव्हते.

पण आपल्या ग्रामीण चित्रपटांत बाई साधारण दोनच जागी सापडते. एक चुलीपुढे, डोळ्यांला पदर लावून. दुसरी फडावर. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) घ्या, ‘पिंजरा’ (१९७२) घ्या. लावणी म्हटली की पडद्यावर ती नाचायचीच. वाकून कांद्याची लावणी करणारी बाई गाण्यातल्या घोळक्यापुरती. गावही एकच. पाटलाचा वाडा, चावडी, उसाचा पट्टा आणि कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली. भालजींच्या ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) लोहार नवरा-बायको नायक झाले, हे त्या काळी विशेषच म्हणायचे. आपली अहिराणी, सातपुड्यातले भिल्ल-पावरा, आखाजीला ठरणारा सालदार यांना त्या पडद्यावर फारशी जागा मिळाली नाही. बहिणाबाईंची गाणी मात्र ‘मानिनी’ने (१९६१) घेतली, तेवढाच खान्देशचा मान.

‘जैत रे जैत’ (१९७७) वेगळा. त्यातली ठाकर समाजातली चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि मनाचा गडी निवडते. ती भूमिका स्मिता पाटील यांनी केली. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील आपल्या शिरपूरचे, म्हणजे नरडाण्याहून तापी ओलांडली की झाले. चिंधी पाहून कोणी कीव करत नाही. अशा बाया आपल्या शिवारात ढिगाने आहेत, पण चित्रपट चालला तो रडणाऱ्या लक्ष्मीचा.

आता कोणी म्हणेल, शेतीच्या पानावर सिनेमा कशाला? तर कारण सातबारा आहे. निंदणी बाईची, कापूस वेचणी बाईची, गुरांचे शेणपाणीही तिचेच. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बाया साधारण १४ टक्के. म्हणजे कागदावर ती शेतकरी नाहीच. आणि २०२५ पासून आपल्या राज्यात योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला. नाव नाही तर ठिबकचे अनुदान तिच्या नावाने कुठून मागणार?

नोंदीचा मार्ग नाही असेही नाही. त्या चित्रपटानंतर वर्षभरातच, १९९२ साली, शासनाने लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने हयातीतच अर्ज करून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायचे. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हीच मोहीम गावोगाव चालवली होती. पुढे १९९४ मध्ये राज्याने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाबरोबर हक्क दिला.

मग गावात होते काय? बाप वारला, तेरावे आटोपले की बहिणीला हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावतात. सही झाली की भाऊ साडीचोळी करतो. ही खरी माहेरची साडी! बहीणही हसून घेते, कारण जमीन मागितली तर माहेर तुटेल ही धास्ती तिच्या मनात असते. भाऊ वाईट असतो असे नाही, पण चार एकराचे तुकडे कोणाला परवडतात, हा त्याचाही प्रश्न खराच आहे. तो बहिणीपुढे मांडून बोलावा तरी. सही आधी, बोलणे नंतर, असे का?

तलाठी अण्णा आणि ग्रामसेवक भाऊंना एकच विनंती. आखाजीच्या आधीच्या ग्रामसभेत लक्ष्मीमुक्तीचा अर्ज वाचून दाखवा, आणि सभेची वेळ बाया शेतातून घरी आल्यानंतरची ठेवा.