अनेक छायाचित्रांचें एक चित्र

भुंग्याचें छायाचित्र अगदीं जवळून घेतलें, तर त्याचा डोळा रेखीव येतो आणि पाय अंधुक राहतात; कारण इतक्या जवळून भिंगास मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचीच खोली स्पष्ट टिपतां येते. भिंगाचें छिद्र फार लहान करावें, तर प्रकाशाच्या विवर्तनानें सारेंच चित्र पुसट होतें. म्हणून फोकस थोडथोडा सरकवीत अनेक छायाचित्रें घेतात, आणि फोटोशॉपसारखी संगणकप्रणाली तीं एकमेकांशीं जुळवून प्रत्येकांतील रेखीव भाग तेवढा उचलते. लेव्हॉन बिस यांनीं २०१६ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत मांडलेलीं कीटकांचीं भव्य चित्रें अशींच, एकेक सुमारें ८,००० छायाचित्रांतून सिद्ध झालेलीं आहेत.

कोणी म्हणतील, असें दृश्य एका क्षणीं कोणत्याच भिंगानें पाहिलें नाहीं, तेव्हां तें खोटें. आम्हांस तसें वाटत नाहीं. कीटकाचें अंग सर्वत्र रेखीवच आहे. उणीव आहे ती भिंगाची. परंतु जिवंत कीटकाची मिशी मध्येंच हालली, तर जोडचित्रांत ती दुहेरी उमटते. कित्येकदां कडेभोंवतीं नसलेलें वलयही दिसतें. हे दोष मूळ छायाचित्रें पाहून दुरुस्त करणें योग्यच; पण कल्पनेनें एखादा केस जरी भरला, तरी तेथें साक्ष संपली असें समजावें.

म्हणून आमचें मत असें कीं, विज्ञान-प्रदर्शनांत असें चित्र मांडणाऱ्या विद्यार्थ्यानें किती छायाचित्रें जोडलीं तें खालीं लिहावें, व मूळ छायाचित्रें जपून ठेवावीं. चित्राची रीत सांगितल्यानें त्याची शोभा उणी होत नाहीं. विश्वास मात्र वाढतो.