क्लाऊडच्या फाटकावरची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या जाळ्याविषयी लिहावे, हे काही जणांना अधिकाराबाहेरचे वाटेल. "ते काम विज्ञान शाखेचे, तू आपला ताळेबंद सांभाळ," असे एका मित्राने मला बजावलेही. परंतु हा विषय मुळात हिशोबाचाच आहे, असे माझे मत आहे. ते कसे बनले हे विद्यार्थी मित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे मांडावेसे वाटते.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. मध्य प्रदेशात असूनही मराठी बोलणारे, संत्र्यासाठी ओळखले जाणारे आणि २०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेले हे गाव. शाळा मराठी माध्यमात झाली. पुढे मामांकडे इकडे आलो आणि कन्नडही बोलू लागलो. माझे बाबा संत्र्याच्या एका आडतीत मुनीम आहेत. आडतीच्या फाटकावर एक वही असते. गाडी कोणती, कुठून आली, कुठे चालली, कॅरेट किती, वाजले किती, आत सोडली की परत पाठवली, एवढेच तीत लिहितात. कॅरेट उघडून फळ कोणी पाहत नाही. एकदा चाळीस कॅरेट कमी पोचली म्हणून मोठा वाद झाला होता. तो फाटकावरच्या वहीतल्या एका ओळीने मिटला.

आता क्लाऊडकडे वळू. स्वतःचे संगणक विकत न घेता अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल अशा कंपन्यांच्या केंद्रातील संगणक भाड्याने वापरणे, म्हणजे क्लाऊड. अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ साली सुरू झाले. या भाड्याच्या जागेत आपण आपले खाजगी जाळे आखून घेतो; त्याला व्हीपीसी म्हणतात. त्या जाळ्यावरची नोंदवही म्हणजे 'फ्लो लॉग'. ही सोय २०१५ पासून आहे. तिच्या एका ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडच्या पोर्टचे क्रमांक, पाकिटे किती, बाइट किती, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि 'स्वीकारले' की 'नाकारले' एवढे असते. आतला मजकूर नसतो. बाबांची वही आणि ही वही यांत मला तरी फरक दिसला नाही.

फरक आहे तो एकच, आणि तो महत्त्वाचा आहे. ही वही आपोआप उघडत नाही. कोणी तरी ती सुरू करावी लागते, आणि सुरू करण्यापूर्वीची वाहतूक मागाहून कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

हे मला चुकीतून कळले. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नागपूरला एका लहानशा संस्थेत उमेदवारी केली. व्यापाऱ्यांचे हिशोब क्लाऊडवर ठेवण्याचे तिचे काम. तिथे असलेल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, मला तीन जाळी आखायला सांगितली आणि प्रत्येकावर फ्लो लॉग सुरू करायला बजावले. मी पडद्यावर एकेक बटण दाबत पहिल्या दोन जाळ्यांवर तो सुरू केला. तिसऱ्याच्या वेळी संध्याकाळची गाडी गाठायची घाई होती. राहून गेले. ते तिसरे जाळेच प्रत्यक्ष कामाचे होते.

तीन आठवड्यांनी बिल आले. बाहेर गेलेल्या माहितीचा आकडा नेहमीच्या कितीतरी पट होता. "गेले कुठे?" दादाने विचारले. पहिल्या दोन जाळ्यांच्या वह्या भरलेल्या होत्या, तिसऱ्याची नव्हतीच. उघडे राहिलेले पोर्ट बंद केले, किल्ल्या बदलल्या. पण "आमचे खाते बाहेर गेले का?" या गिऱ्हाइकांच्या प्रश्नाला ना 'हो' म्हणता आले, ना 'नाही'. त्या गिऱ्हाइकांत बाबांची आडतही होती. घरी मी सगळे सांगितले, तेव्हा बाबा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मंग वही कुठी आहे?"

तेव्हापासून माझे मत ठाम झाले की, जी वही माणसाच्या आठवणीवर उघडते, ती ऐन गरजेच्या दिवशी कोरी निघते. म्हणून वही उघडण्याचे काम कोडमध्येच लिहिलेले असावे.

याची साधने आहेत. टेराफॉर्म हे त्यांपैकी २०१४ साली आलेले एक. त्यात काही ओळींची फाइल लिहायची: जाळे असे आखा, त्यावरच्या सर्व वाहतुकीची, स्वीकारलेल्या आणि नाकारलेल्याही, नोंद ठेवा, ती अमुक ठिकाणी साठवा, इतके दिवस जपा, नोंद लिहिणाऱ्याला फक्त लिहिण्यापुरता अधिकार द्या. जाळे आणि वही एकाच साच्यात बांधली की त्या साच्यातून वहीविना जाळे निघतच नाही. मग तीन जाळी असोत की तीस. काय नवे होणार, काय बदलणार, काय जाणार, हे टेराफॉर्म आधीच दाखवते. कोणी मागाहून हाताने वही बंद केली, तर पुढच्या पडताळणीत तो फरक उघड होतो. फाइल कोणी, केव्हा बदलली याचाही इतिहास ठेवता येतो. सभेचे इतिवृत्त ठेवतात तसेच हे.

हा प्रश्न लहान संस्थांपुरता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. ११ तारखेला २८ देशांतील एटीएममधून रकमा निघाल्या आणि १३ तारखेला सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. बँकेच्या खऱ्या यंत्रणेला वळसा घालून एक खोटी मधली यंत्रणाच पैसे देण्यास मंजुरी देत होती. तो क्लाऊडचा प्रकार नव्हता, आणि फ्लो लॉगने पैसे वाचले असते असा माझा दावाही नाही. पण मंजुरी कोणत्या वाटेने येते आहे, हे रोकडवही सांगत नाही. ते वाहतुकीच्या वहीलाच विचारावे लागते. पुढे २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात जपणे आणि ठरावीक सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. वहीच नसेल तर सहा तासांत कळवणार काय?

विरुद्ध बाजूही मी विचारात घेतली आहे. साठवणुकीला पैसे पडतात, हे खरे. पण किती दिवस काय ठेवायचे हेही कोडमध्ये ठरवता येते, आणि 'ठाऊक नाही' या उत्तराची किंमत त्याहून जड असते. कोडमधली एक चूक सगळीकडे पसरते, हेही खरे. म्हणून एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासावे. अंकेक्षणाच्या तासाला आपण जिला अंतर्गत तपासणी म्हणतो, ती याहून वेगळी नाही. सगळ्यांत खरा आक्षेप हा की, लिहिलेली वही कोणी वाचतच नाही. त्याला कोड पुरे पडणार नाही. तिथे माणूसच हवा, आणि नोंदी वाचण्याची सवय असलेला हवा.

अशी सवय आपल्या शाखेइतकी कोणाला आहे? म्हणून माझी नम्र सूचना आहे की, अंकेक्षण शिकवताना प्राध्यापकांनी एखादा तास फ्लो लॉगच्या नोंदी वाचण्यासाठी द्यावा. संगणक विभागाच्या मित्रांनी कोड लिहावे, आम्ही नोंदी तपासू. ज्याला हिंदीत लेखा आणि कन्नडमध्ये लेक्क म्हणतात, तो आपला हिशोबच आहे. जागा तेवढी बदलली आहे.

सुट्टी संपण्यापूर्वी मी तिसऱ्या जाळ्याची फाइल लिहून दादाला दिली. त्याने तपासली, एक चूक दाखवली आणि मगच चालवली. गेलेले तीन आठवडे त्यामुळे परत आले नाहीत. बाबांच्या प्रश्नाला मात्र त्यापुढे उत्तर होते.

(तृतीय वर्ष, वाणिज्य)