गाणं कुणाचं, वही कुणाची

१८६१ च्या वसंतात बॉस्टनच्या बंदरातल्या फोर्ट वॉरन या किल्ल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांची एक तुकडी होती. त्यात जॉन ब्राउन नावाचा एक स्कॉटिश सार्जंट होता. दीडच वर्षापूर्वी, २ डिसेंबर १८५९ ला, याच नावाच्या माणसाला व्हर्जिनियात फाशी झाली होती. गुलामांच्या मुक्तीसाठी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेलेला तो जॉन ब्राउन. नाव एकच, म्हणून सोबत्यांनी सार्जंटची टर उडवायला सुरुवात केली, की तू तर केव्हाच मेलास, तुला पुरलंसुद्धा. चिडवता चिडवता एका जुन्या भजनाच्या चालीवर गाणं झालं. अधिकाऱ्यांना ते शब्द असभ्य वाटले. काही बरे शब्द घाला म्हणून ते मागे लागले. सैनिकांनी ऐकलं नाही. ‘जॉन ब्राउन्स बॉडी’ उत्तरेच्या सगळ्या सैन्यात पसरलं. तो सार्जंट पुढच्याच वर्षी नदीत बुडून मेला, गाणं चालत राहिलं.

‘बरे शब्द’ मग आलेच. नोव्हेंबर १८६१ मध्ये ज्युलिया वॉर्ड हाउ या बॉस्टनच्या प्रतिष्ठित कवयित्रीनं वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात त्याच चालीवर नवी कविता लिहिली. ‘अटलांटिक मन्थली’नं ती फेब्रुवारी १८६२ च्या अंकात छापली. कविता थोर आहे, बाई गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण त्या कवितेत जॉन ब्राउनचं नाव नाही. आज अमेरिकेत सरकारी समारंभात गातात ती हीच.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एम.ए.ला असताना जलशांतल्या गाण्यांवर प्रबंध लिहू का, असं मी विचारलं होतं. तो प्रचार आहे, साहित्य नव्हे, असं उत्तर मिळालं. तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. कुणाला ते भारूड, कव्वाली किंवा भीमगीतांबद्दल ऐकावं लागलं असेल. म्हणून मला या परक्या युद्धातली गाणी जवळची वाटतात.

दक्षिणेच्या, म्हणजे गुलाम-मालकांच्या, सैन्याचं लाडकं गाणं होतं ‘डिक्सी’. ते डॅनियल एमेट या उत्तरेतल्या गोऱ्या गायकानं १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचासाठी रचलं. तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करण्याचे खेळ तेव्हा तुफान चालत. गाण्यातला माणूस काळा आहे आणि त्याला दक्षिणेची ओढ लागली आहे! ज्यांना विकलं जात होतं त्यांच्याच नकली आवाजात गात त्यांचे मालक लढायला निघाले. आपल्या बोलीची नक्कल करून हशा मिळवणारे आणि आपण त्याच बोलीत लिहिलं की नाक मुरडणारे तुम्हीही पाहिले असतील.

आता त्या खऱ्या आवाजाकडे येऊ. उत्तरेच्या लष्करात शेवटी सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर पगार, तर काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटनं हा पगारच नाकारला. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला. मुक्त झालेल्या गुलामांच्या पहिल्या साउथ कॅरोलिना रेजिमेंटचा कर्नल होता थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन, जॉन ब्राउनला गुपचूप मदत करणाऱ्यांपैकी एक. रात्री शेकोटीभोवती सैनिक गात, तेव्हा हा माणूस अंधारात उभा राहून शब्द टिपून घेई. १८६७ मध्ये त्यानं त्यावर लेख लिहिला.

युद्ध सुरू होताच जॉर्जटाउन गावात एक भजन गायलं म्हणून गुलामांना तुरुंगात टाकलं होतं, असं तो सांगतो. भजनात देव आपल्याला लवकरच सोडवील असं होतं. ढोल वाजवणाऱ्या एका पोरानं त्याला खुलासा केला, की मालकांना वाटलं, देव म्हणजे उत्तरेची फौज. मालकांना साहित्य बरं कळत होतं म्हणायचं.

एकदा नावेत हिगिन्सननं वल्हं मारणाऱ्या एका तरुणाला विचारलं, ही गाणी होतात तरी कशी? तो म्हणाला, आम्ही तांदूळ वाहत होतो, मुकादम सारखा ओरडत होता. मी मुकादमावर काहीतरी बोललो, दुसऱ्यानं त्यात भर घातली, झालं गाणं. मग त्यानं ते गाऊन दाखवलं. बाकीच्यांनी ते कधीच ऐकलेलं नव्हतं, तरी क्षणभर कान देऊन ते ओळखीचं असल्यासारखे धृपदात सामील झाले.

१ जानेवारी १८६३ ला या रेजिमेंटच्या छावणीत मुक्तीचा जाहीरनामा वाचला गेला. हिगिन्सन झेंडा हातात घेऊन बोलायला उभा राहणार, तेवढ्यात गर्दीतून एका म्हाताऱ्या काळ्या माणसाचा चिरका आवाज आला. दोन बायकांनी साथ धरली. ‘माझा देश’ म्हणणारं ते गाणं अमेरिकेत शाळाशाळांत गायलं जाई. मंचावरचे गोरेही गाऊ लागले, तेव्हा हिगिन्सननं त्यांना खुणेनं गप्प केलं. मुक्तीच्या साऱ्या इतिहासात मला ही खूण फार मोलाची वाटते. १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेबांनी गांधींना मणिभवनात आपल्याला मायभूमी नाही असं सुनावलं. ते वाचताना मला तो म्हातारा आठवतो.

जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती या युद्धामुळेच. पोवाडे आणि अखंड रचणाऱ्या जोतिरावांना गाण्याची ताकद कुणी शिकवायला नको होती.

तरीही हिगिन्सनशी माझं एक भांडण आहे. त्या वल्हेकऱ्याचं नाव त्यानं लेखात दिलेलं नाही. गाणं काळ्यांचं, वही गोऱ्याची. साउथ कॅरोलिनात १८३४ च्या कायद्यानं गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, तर वही दुसऱ्या कुणाची असणार? आपल्या आज्यांच्या पिढीला असा कायदाही लागला नाही, गावच पुरेसं होतं.

आपल्या हातात आता वही आहे, फोनही आहे. संशोधक येतील, त्यांना येऊ द्या. पण घरातली गाणी त्याआधी आपण उतरवायला हवीत. वर गाणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तारीख घाला. प्रमाणभाषेत आणू नका, ‘बरे शब्द’ घालू नका. मी आत्यापासून सुरुवात केली आहे. तिच्या एका गाण्यात पाटलाला घातलेली शिवी आहे. ती लिहिताना धाकटा भाऊ म्हणाला, एवढी गाळ. आत्यानंच त्याला गप्प केलं.