निसर्गचित्रातून आपली वस्ती कुठे गेली?

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक नारळाचे झाड. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हटले की हेच येते. मराठवाड्यातल्या मुलाच्या कागदावरही नारळच! हे पाहिलेले नाही, फळ्यावरून उतरवलेले आहे.

म्हणून मुलांना आधी रानात फिरवून आणावे आणि मग आठवणीतून चित्र काढायला लावावे, हे मला पटते. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र हा विषय आहेच. पण प्रश्न असा आहे की, आठवण काय ठेवते आणि काय गाळते?

व्हिसलर या चित्रकाराचे उदाहरण घ्या. 1870 च्या दशकात तो रात्री लंडनच्या थेम्स नदीकाठी फिरायचा, समोरचे दृश्य मनात साठवायचा आणि नंतर आठवणीतून रंगवायचा. पलीकडे बॅटरसीचे कारखाने होते. 1885 च्या एका व्याख्यानात त्याने सांगितले की, संध्याकाळच्या धुक्यात धुराडी घंटाघरांसारखी आणि गोदामे राजवाड्यांसारखी दिसतात. चित्रे सुंदर आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या धुराड्यांखाली राबणारा कामगार धुक्यात विरून गेला.

आपल्याकडे तर धुक्याचीही गरज लागत नाही. शाळेत असताना मी आठवणीतून गाव काढला. त्यात गावकुसाबाहेरची आमची वस्ती होती, पत्र्याची घरे होती. गुरुजी म्हणाले, "हे निसर्गचित्र नाही, खोडून टाक." मी खोडले. पुढे कित्येक वर्षे माझ्याच चित्रात माझे घर आले नाही. याला काय म्हणायचे?

"चित्रात जात कशाला आणता?" असे काही जण विचारतील. जात आम्ही आणलेली नाही, ती जमिनीवरच आखलेली आहे. गाव कुठे, वस्ती कुठे, वरचा पाणवठा कुणाचा, खालचा कुणाचा? ज्या पाण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला, ते चवदार तळेही निसर्गचित्रात नुसते निळे पाणीच दिसेल.

घोषणा रंगवा, असे मी म्हणत नाही. मुलांना फिरायला न्या, घरी येऊन आठवणीतून काढू द्या. मग तेच चित्र घेऊन त्याच वाटेने पुन्हा जा आणि विचारा, काय राहून गेले? राहून गेलेल्यात आपले घर असेल, तर ते आधी काढायला शिकवा.

जय भीम!