शेतकऱ्याच्या पोराची पीएच.डी. : दारावरच्या पाटीसाठी की शिवारासाठी?

आपल्या जिल्ह्यात आता बऱ्याच घरांत एक नवे उत्तर ऐकू येते. पोरगं काय करतं असे विचारले, की बाप सांगतो, "पीएच.डी. करतंय, आणि कॉलेजात शिकवतंय बी." ऐकणाऱ्याला कौतुक वाटते. पण पुढचा प्रश्न पगाराचा आला की बाप विषय बदलतो. पोराची पंचविशी उलटलेली असते, लग्न लांबलेले असते, आणि हे शिक्षण संपणार कधी ते घरात कोणालाच नीट माहीत नसते. म्हणून या पदवीचा हिशोब एकदा उघड मांडायला हवा. तो जसा घराचा आहे, तसा गावाचाही आहे.

सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली मिळाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. प्रबंधाच्या एकेका कागदासाठी कोल्हापूरची एस.टी. धरावी लागे. ती पायपीट संपली. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली खेड्यातली मुले-मुली आता संशोधनाकडे वळू लागली आहेत. त्यांनी अभ्यास करावा तरी कशाचा?

त्याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे. डाळिंबाचेच बघा. तेल्या जिवाणूमुळे येतो. मर रोगामागे बुरशी असते, सूत्रकृमी तिला हातभार लावतात. पिन होल बोरर हा खोड पोखरणारा बारका भुंगेरा. म्हणजे एका बागेत तीन-चार शास्त्रांचे काम पडलेले आहे. सांगोला, पंढरपूर भागात २०२० नंतर किती बागा उपटल्या गेल्या, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि त्याचे काम मोठे आहे. पण एक केंद्र प्रत्येक बांधावर पोचणार कसे? तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापक मात्र पोचू शकतो, कारण तो तिथलाच असतो.

माळढोकाचे उदाहरण आणखी बोलके आहे. नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र कागदावर त्यात गेले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. मधल्या काळात किती गावांचे जमिनीचे व्यवहार अडले, ते सातबारा सांभाळणाऱ्यांना ठाऊक आहे. पाखराला कोणती जागा लागते, किती लागते, हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. तो वेळेवर आणि नेमका सुटला तर पाखराचेही भले आणि शेतकऱ्याचेही.

शिकवता शिकवता संशोधन करणे आपल्याकडे नवे नाही. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नीरेवर, कडधान्यांवर काम केले. गरिबाच्या ताटात पोषण कुठून येईल, हा त्यांचा विषय होता. शिकवण्याने संशोधन मागे पडत नाही. उलट विद्यार्थ्यांचे हात मिळतात आणि विषय जमिनीवर राहतो.

आता नियम बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान ३ वर्षे, कमाल ६ वर्षे लागतात. फेरनोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. प्रत्येक संशोधकाने अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. त्याला आठवड्याला ४ ते ६ तास प्रात्यक्षिके, शिकवणी, पेपर तपासणी असे काम देता येते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करायचीही मुभा आहे. संस्थेचे ना-हरकत पत्र मात्र लागते. कागदावर ही सांगड चांगली बसवली आहे.

घोटाळा होतो तो पुढे. आयोगाने ठरवलेले तास प्रशिक्षणाचे आहेत, पोट भरण्याचे नाहीत. आपली पुष्कळ पोरे तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास तेवढे पैसे आणि सुट्टीत काही नाही. मग एका कॉलेजावर भागत नाही, दोन-तीन ठिकाणी धावावे लागते. दिवस एस.टी.त आणि वर्गात जातो, प्रयोगशाळेला उरते ती रात्र. पण बुरशी वाढवायची तर ती रोज बघावी लागते. किडीचा जीवनक्रम नोंदवायचा तर हंगाम चुकवून चालत नाही. एक हंगाम हुकला की वर्ष गेले. जीवशास्त्रातला प्रबंध लांबतो तो यामुळे. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या पोराला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून घरच्यांनी नोंदणीआधीच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, नेट किंवा सेट झाली आहे का? १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला तीच किमान पात्रता धरली आहे. नुसत्या पीएच.डी.वर विसंबून राहणे धोक्याचे. दुसरी, शिष्यवृत्ती आहे का? नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे असा दर आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही योजना आहेत. मात्र अशी शिष्यवृत्ती घेताना दुसरीकडे पगारी काम चालत नाही, हे आधी समजून घ्यावे. तिसरी, मार्गदर्शकाकडे जागा आहे का? प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी, एवढीच मर्यादा आहे. चौथी, विषयाला लागणारा नमुना आणि साधने जवळ मिळतील का? घराजवळचा विषय घेतला तर निम्मा खर्च वाचतो.

इथे गावाचे काम सुरू होते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती बाहेर काढावी आणि गावच्या संशोधक पोरापोरींच्या हाती द्यावी. कोणती झाडे, कोणते मासे, कोणती देशी वाणे उरली, हे त्यांच्याकडून पुन्हा तपासून घ्यावे. शेतकऱ्याने नमुन्यासाठी बागेत दोन ओळी द्याव्यात. त्या बदल्यात एकच अट घालावी : निष्कर्ष काय निघाला, ते ग्रामसभेत मराठीतून सांगायचे.

ही अट जड नाही. रब्बी ज्वारीचे एम ३५-१ वाण मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडले गेले ते १९३० च्या दशकात. तेही याच मातीतल्या कणसांवर बसून केलेले काम होते, आणि ती ज्वारी आजही आपल्या भाकरीत आहे. आज बाप पोराच्या शिक्षणाला पैसा पुरवतो, गाव त्याला नमुने देते, सरकार शिष्यवृत्ती देते. महाविद्यालयांनी त्याच्या तासांचे वेळापत्रक हंगाम बघून लावले आणि मानधन वेळेवर दिले, तर प्रबंध वेळेत होतील. मग बापालाही पगाराच्या प्रश्नावर विषय बदलावा लागणार नाही, आणि तेल्याचा डाग दिसला तर आधी कोणाला बोलवायचे, हेही गावाला ठाऊक असेल.